कासवाचं सीमोल्लंघन

“मॅडम, गुरुजींनी अकरा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त काढलाय. त्याच्या आत मशीन चालवून दाखवा, मुहूर्तावर मी ऑर्डरवर सही करतो. माझ्या मागं हे तिघंही करतील.”

दौलतशेठ आव्हाडांनी स्टेजवरच्या सोफ्याकडे हात केला. नवरा-नवरीच्या त्या लाल मखमली सोफ्यावर तीन भरभक्कम पाहुणे दाटीवाटीने बसले होते. तिघंही शेठसारखेच लॉन्सवाले, म्हणजे लग्नाला हिरवळ भाड्याने देणारे. दसऱ्याची सकाळ होती. सिन्नर रस्त्यावरच्या ‘शुभघटिका लॉन्स’च्या फाटकाला झेंडूची तोरणं लागली होती आणि मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

घड्याळ बघायला कारण होतं. आपलं आपण फिरून गवत कापणारं यंत्र बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मला सहा महिने होत आले होते आणि मी एकटीने उभं केलेलं हे पहिलंच काम होतं. आमचे केदारसर आदल्या संध्याकाळी फोनवर म्हणाले होते, “शलाका, ही चार यंत्रं गेली तर तू कायम. नाही गेली, तर बघू.” त्यांच्या ‘बघू’चा अर्थ ऑफिसात सगळ्यांना पाठ होता. माझ्याआधी दोघांचं त्यांनी असंच ‘बघितलं’ होतं, आणि ते दोघं आता कंपनीत नव्हते.

यंत्राला कंपनीने ‘चपळ’ असं नाव दिलेलं. पण त्याची घुमटासारखी हिरवी पाठ आणि सावकाश चाल पाहिली की कोणीही त्याला कासवच म्हणालं असतं. गंमत होती ती त्याला वाट कशी सापडते यात. ना तार पुरायची, ना कुंपण घालायचं. आकाशातले उपग्रह त्याला सांगत, तू अमुक ठिकाणी आहेस. पण उपग्रहांच्या सांगण्यात पाच-सात हातांची चूक असते, आणि पाच-सात हातांत लग्नाच्या लॉनवर काय काय येऊ शकतं ते शेठना विचारा. म्हणून जवळपास एक खांब रोवायचा. माथ्यावर पांढरी वाटी असलेला हा खांब म्हणजे बेस. तो हलत नाही, त्याला स्वतःची जागा पक्की ठाऊक असते, त्यामुळे तो उपग्रहांची चूक पकडतो आणि कासवाला कळवतो. मग कासव दोन बोटांचीही गफलत करत नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी ते हातात धरून हिरवळीच्या कडेकडेने फिरवलं होतं, तोच त्याचा नकाशा. तेव्हापासून ते रोज बिनबोभाट गवत कापत होतं.

“माणसाचा त्रासच संपला बघा,” शेठ पाहुण्यांना सांगत होते. “सुट्टी नाही, तंबाखू नाही, पाठ दुखत नाही. माळ्याला सांगून टाकलंय मी, दिवाळीपर्यंत ये, पुढचं पुढं बघू.”

इथेही ‘बघू’ होतं, पण ते माझं नव्हतं, म्हणून माझ्या कानावरून गेलं. तिथल्या माळीबाबांना मी तीन आठवडे पाहत होते. साठी ओलांडलेले, किडकिडीत, डोक्यावर मळकट पांढरी टोपी. मी येताना-जाताना “माळीबाबा, पाइप बाजूला घ्या”, “माळीबाबा, आत्ता पाणी नको”, एवढंच बोलले असेन. त्यांचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

कासवाला शेठनी स्टेजसमोर आणून ठेवलं होतं. पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक, गळा नसताना गळ्यात झेंडूचा हार. आदल्या दिवशी खंडेनवमी होती, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही. झाकणाचा एक स्क्रू सैल दिसला, म्हणून बॅगेत हात घातला, तर माझा पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर गायब. माझ्या पहिल्या पगारातला तो स्क्रू ड्रायव्हर गेला आठवडाभर सापडत नव्हता. शेवटी नाण्याने स्क्रू पिळला, हार काढून सोफ्याला अडकवला, हॉलच्या भिंतीलगत उभ्या असलेल्या बेसकडे लांबून एक नजर टाकली आणि फोनवरचं बटण दाबलं.

कासव निघालं. स्टेजपासून फाटकापर्यंत सरळ रेघेत जायचं, वळायचं, शेजारची रेघ धरून परत यायचं. मागे एक फिकट, एक गडद असे पट्टे उमटू लागले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, “आयला, फूटपट्टी लावल्यासारखं चाललंय की!” शेठनी चहा मागवला. केदारसरांचं ‘बघू’ मला हळूहळू धूसर दिसायला लागलं.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला, फाटकाजवळ, माळीबाबा डोक्यावरची टोपी काढून जोरजोरात हलवू लागले. काहीतरी ओरडतही होते, पण लाउडस्पीकरवर सनई लागलेली.

“माळीबाबा!” मी हात उडवून ओरडले. “बाजूला व्हा! वाटेत येताय तुम्ही!”

ते आणखी जोरात टोपी हलवू लागले. मला वाटलं, म्हाताऱ्यांना कौतुक आवरत नाहीये. मीही हसून हात हलवला.

चहा संपत आला तेव्हा सोफ्यावरचा सगळ्यात जाड पाहुणा वाकून म्हणाला, “मॅडम, हे इकडं स्टेजच्या बाजूला दोन हात गवत तसंच राहिलं. हे कोण कापायचं?”

मी पाहिलं. खरंच, स्टेजलगत दोन हात रुंद पट्टा जसाच्या तसा होता. कासव तिथे येतच नव्हतं, आधीच वळत होतं. इकडे दोन हात अलीकडे वळतंय, म्हणजे तिकडे...

मी धावत सुटले. धावता धावता फोनवरचं बटण दाबत होते, पण घामाने बोट घसरत होतं. फाटकाशी पोचले तेव्हा कासव गुबगुबीत लाल पानांत निवांत उभं होतं.

हिरवळीच्या त्या कडेला बुटक्या लाल रोपांनी ‘सुस्वागतम’ अशी अक्षरं लावलेली होती. जमिनीवर दीड हात लांबीचं एकेक अक्षर, पानं कापून कापून चार बोटं उंचीवर आणलेली. लॉनच्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये पहिला फोटो त्या अक्षरांचा असायचा. त्यातला ‘सु’ साफ झाला होता. पुढच्या ‘स्वा’चाही काना गेला होता.

मी फोनकडे पाहिलं. पडद्यावर हिरव्या ठिपक्याखाली लिहिलं होतं: स्थान पक्कं, अचूकता दोन सेंटिमीटर.

मागून पाहुणे धापा टाकत पोचले. जाड पाहुण्याने एकदा अक्षरांकडे, एकदा कासवाकडे पाहिलं आणि तो पोट धरून हसू लागला. “दौलतशेठ, दसऱ्याच्या मुहूर्तावर तुमच्या मशीननं सीमोल्लंघन केलं हो!”

बाकीचे दोघंही हसले. शेठ हसले नाहीत. त्यांनी डोळे वटारून आजूबाजूला पाहिलं आणि त्यांची नजर माळीबाबांवर थांबली.

“लहानू! तूच काहीतरी केलंस. तीन आठवडे मशीन धड चालली, आणि बरोबर आजच? मशीन आल्यापासून तुझ्या पोटात दुखतंय, मला काय कळत नाही?”

त्यांचं नाव लहानू आहे, हे मला असं कळलं. लहानू गांगुर्डे. पुढे मी त्यांना लहानूबाबाच म्हणू लागले.

“नाय शेठ,” लहानूबाबा म्हणाले. “मी कशाला काय करू? काल पूजा तेवढी केली.”

“पूजा केली म्हणं! दिवाळी-बिवाळी काय नको आता. आजपासून बंद.”

माझा फोन वाजला. केदारसर होते. मी जरा बाजूला जाऊन सगळं सांगितलं.

“अचूकता दोन सेंटिमीटर दाखवतंय?”

“हो सर.”

“आणि उभं कुठे आहे?”

“अक्षरांत.”

“मग यंत्र बरोबर आहे, बेस हललाय. बेस जेवढा सरकला, तेवढा त्याचा सगळा नकाशा सरकतो. पण तुझा बेस तर छतावर आहे. चार बोल्ट मारून पक्का केलास ना?”

मी भिंतीलगतच्या खांबाकडे पाहिलं.

“शलाका?”

आता हे सांगायला हवं. बसवणीच्या फॉर्मवर एक ओळ असते: ‘बेस छतावर, चार बोल्टने पक्का’. तिच्यापुढच्या चौकोनात मी तीन आठवड्यांपूर्वी टिकमार्क केला होता. प्रत्यक्षात हॉलचं छत दुमजली होतं, तिथली शिडी दोन पायऱ्या तुटलेली होती आणि तिसऱ्या पायरीवर गेलं की मला गरगरतं. म्हणून मी बेस त्याच्या लोखंडी स्टँडसकट गवतावरच उभा केला होता. दोन दिवसांपुरता, असं मनाला सांगून.

“बघते सर,” मी म्हणाले.

“बघ. आणि कोणी हात लावला असेल तर शेठकडून तसं लिहून घे. त्यांच्या माणसाने हलवला तर आपल्यावर येत नाही. कळलं?”

मी बेसपाशी गेले. जवळून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. स्टँडच्या गोल पत्र्याखाली हिरवंगार गवत होतं, आणि दोन हात मागे, परातीएवढं एक गोल पिवळं वर्तुळ होतं. वर्तुळाच्या शेजारी खांबाच्या माथ्यावरून गळून पडलेली झेंडूची एक पाकळी.

“त्याचीच ती जागा,” मागून आवाज आला. लहानूबाबा माझ्या पाठोपाठ आले होते. “मीच सरकवला ताई. चुकलं का काही?”

“कशाला सरकवलात?”

“काल खंडेनवमी. कोयते, खुरपी, कात्री, पाइप, सगळं धुऊन-पुसून ओळीनं मांडलं. तुमचं कासव पण मांडलं आन् हा खांब पण. ठेवायला आलो तर खाली गवत पिवळं पडलेलं. तीन हप्ते एका जागी बसला व्हता. आम्ही लग्नाची खुर्ची पण दोन दिसांच्या वर एका जागी ठेवत नाय. गवताला वारा लागाया पाह्यजे. म्हणून दोन हात पुढं, फाटकाकडं ठेवला.”

“पण तुम्ही यंत्राची पूजा का केलीत?” मी विचारलं. काय विचारतेय तेही मला धड कळत नव्हतं. “ते आल्यामुळे तर तुमचं काम...”

“ते ठावं हाय मला,” ते म्हणाले. “पण तीन हप्ते आमच्या संगट राबतंय ते. खंडेनवमीला सगळ्यांना कुंकू लावायचं आन् त्याला एकट्याला सोडायचं, हे काय बरं दिसतं?”

मान खाली घालून मी त्या पिवळ्या वर्तुळाकडे पाहत राहिले. तीन आठवड्यांत त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं की हा खांब हलवायचा नसतो. सांगायचं माझं काम होतं. आणि तो अक्षरांचा वाफाही त्यांच्याच हातचा असणार, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलं.

“अक्षरं तुम्ही लावली होती?”

“आकरा वर्षं झाली. येईल परत. महिन्याभरात पालवी धरंल.” मग त्यांनी स्टेजकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. “ताई, एक सांगू? तुम्ही माझंच नाव सांगा. शेठचं बोलणं खायची मला सवय हाय. तुमची नवी नोकरी हाय. मला काय, कुठं बी गवत असतं.”

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की जणू मला पाण्याचा तांब्या देत होते. केदारसरांनी सांगितलं होतं तेच तेही सांगत होते, फक्त दुसऱ्या बाजूने. मी हो म्हटलं असतं तर अकरा दहाला चार सह्या झाल्या असत्या आणि मी कायम झाले असते. खोटं नाही सांगत, एक क्षणभर मला ते सोपं वाटलं. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते.

शेठ आणि पाहुणे स्टेजवर परतले होते; मी तिथे गेले आणि सनई बंद करायला लावली.

“शेठ, लहानूबाबांची काही चूक नाही. चूक माझी आहे. हा खांब छतावर पक्का बसवायचा होता. मला शिडीची भीती वाटली म्हणून मी तो गवतावर ठेवला आणि फॉर्मवर मात्र छतावर लिहिलं. आणि तो हलवायचा नसतो हे मी त्यांना सांगितलंही नाही. त्यांनी त्यांचं काम केलं, मी माझं केलं नाही.”

केदारसरांचा फोन मी मघाशी बंद केलाच नव्हता. त्यातून ते “शलाका, शलाका” म्हणत होते. मी तो खिशात टाकला.

शेठनी घड्याळाकडे पाहिलं. पाहुणे सोफ्यावरून पुढे सरकले. शेठ म्हणाले, “म्हणजे आता काय? मुहूर्ताला वीस मिनिटं राहिली. नकाशा पुन्हा करायला किती वेळ?”

“दोन तास.”

“मग संपलं!”

“कशाला दोन तास?” लहानूबाबा म्हणाले. “त्याची जागा गवतात लिहिलेली हाय की.”

त्यांनी मांडीपर्यंत धोतर खोचलं, स्टँडला मिठी मारली, अलगद उचलला आणि पिवळ्या वर्तुळावर नेला. मग गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, वर्तुळाच्या कडेने बोट फिरवत पाहिलं. “इकडून कवडीभर उघडं दिसतंय.” पत्रा कवडीभर सरकवला. पुन्हा बोट फिरवलं. पिवळी एक काडी बाहेर दिसेना की हिरवी एक काडी आत जाईना. आमच्या ऑफिसात हेच काम करायला तिपाई आणि दुर्बीण लागते.

“आता सोडा,” ते म्हणाले.

मी कासव स्टेजसमोर ठेवलं आणि बटण दाबलं. या वेळी मी त्याच्या शेजारून चालत होते, आणि माझ्या शेजारून लहानूबाबा. कासव फाटकाकडे गेलं. लाल पानांपाशी पोचताना मी फोनच्या बटणावर बोट ठेवलं. पानाला नाक लागेल न लागेल इतक्यावर ते थांबलं, जागच्या जागी वळलं आणि परत निघालं. स्टेजलगतचा दोन हात पट्टाही त्याने कापून काढला.

या वेळी टाळ्या वाजल्या त्या जरा वेगळ्या होत्या. जाड पाहुणा उठून सरळ लहानूबाबांकडे गेला.

“बाबा, माझ्या लॉनवर येता का? मशीन घेतो मी, पण तिच्या जोडीला तुमच्यासारखा माणूस पाहिजे. दौलतशेठनी तर तुम्हाला मोकळं केलंच आहे.”

“कोणी मोकळं केलं?” दौलतशेठ एकदम उसळले. “माझा माणूस आहे तो! अकरा वर्षं आहे! रागात माणूस काय बी बोलतो. लहानू, कुठं जायचं नाही. ऐकतो का?”

“ऐकतो की,” लहानूबाबा म्हणाले आणि टोपी घालून पाइप आवरायला निघाले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी शेठनी सही केली. तीन पाहुण्यांपैकी दोघांनी केली, तिसऱ्याने बायकोला विचारून सांगतो म्हटलं. मी नवा फॉर्म काढला. ‘बेस छतावर’ पुढचा चौकोन मोकळा ठेवला. खाली ‘प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तीचं नाव’ अशी ओळ होती. जुन्या फॉर्मवर मी तिथे शेठचं नाव टाकलं होतं, ज्यांनी यंत्राला कधी हातही लावला नव्हता. या वेळी लहानूबाबांना बोलावलं, अर्धा तास त्यांच्यासोबत गवतावर मांडी घालून बसले आणि सगळं समजावलं. कासवाला वरून कोण काय सांगतं, खांब कशासाठी, तो का हलवायचा नाही. ते मधेच म्हणाले, “म्हणजे देवळाच्या कळसावानी. गावात कुठनं बी बघा, त्याच्यावरनं कळतं आपण कुठं हाय.” इतक्या सोप्या शब्दांत मला ते कंपनीतही कोणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी ओळीवर सावकाश सही केली.

निघताना त्यांनी मला फाटकाशी थांबवलं. आपट्याची दोन पानं माझ्या हातावर ठेवली. “सोनं घ्या, ताई.” मी वाकून नमस्कार केला. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

“हे तुमचं मागल्या हप्त्यात गवतात पडलं व्हतं. काल ओळीत खुरप्याच्या शेजारी मांडलं. तुम्ही नव्हता, म्हणून तुमच्या वतीनं मीच कुंकू लावलं.”

फडक्यात माझा पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर होता. त्याच्या मुठीवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, आणि वर एक झेंडूची पाकळी चिकटली होती.

मी कायम झाले नाही, तीन महिने पुढे ढकलले गेले. केदारसरांनी दुसऱ्या दिवशी मला नवी शिडी घेऊन त्या छतावर चढवलं, आणि लहानूबाबांनी खालून ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. मला गरगरलं, पण बोल्ट चारही मारले.

आता पाच वर्षं झाली. नव्या जागी गेले की यंत्राची पेटी उघडण्याआधी मी तिथल्या माळ्याचं नाव विचारते. दर खंडेनवमीला लहानूबाबांचा फोटो येतो: ओळीने मांडलेले कोयते, खुरपी, कासव आणि शेवटी ती शिडी, गळ्यात हार घालून. ‘खांबाला हात लावला नाय ताई,’ असं खाली लिहिलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर मी अजून तोच वापरते. मूठ कितीदा पुसली, पण खाचेतलं कुंकू काही गेलं नाही, आणि आता मी काढतही नाही.